धनिकांचा तलाव, कामगारांचे गाव

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती, नायगाराचा धबधबा आणि हातात मशाल घेतलेला तो प्रसिद्ध पुतळा उभा राहतो. आम्ही उभयता भाच्याकडे पिट्सबर्गला गेलो, तेव्हा त्याने पहिल्याच रविवारी विचारले, "मामा, मामी, नायगारा सगळेच बघतात. तुम्हाला एक फुटलेले धरण दाखवू का?" आता फुटलेले धरण पाहायला कोणी मुद्दाम जाते का? पण भाचा अभ्यासू आहे. उगाच काही बोलणार नाही हे आम्हाला ठाऊक होते. डबा बांधला आणि निघालो.

पिट्सबर्गपासून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर अ‍ॅलेघेनीचे डोंगर लागतात. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना दाट झाडी. साउथ फोर्क या लहानशा वस्तीजवळ गाडी एका टेकडीवर थांबली. तिकीट नाही, रांग नाही. समोर एक मोठी हिरवी दरी पसरलेली आणि तिच्या तोंडाशी दोन्ही डोंगरांकडून पुढे आलेले मातीचे दोन गवताळ बांध. मधला भाग नाहीच! जणू एखाद्या भिंतीचा मधला भाग कोणी उचलून नेला आहे. त्या खिंडारातून खाली ओढ्याएवढे पाणी वाहते आणि बाजूने रेल्वेचा रूळ जातो. अमेरिकन सरकारने १९६४ साली या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. येथे ना राजाचा विजय झाला, ना कोणत्या सेनापतीचा. येथे ३१ मे १८८९ रोजी एक खासगी तलाव फुटला आणि खालच्या कामगारांच्या गावातील २,२०९ माणसे मेली. त्यांची ही जागा आहे.

धरण कोणी बांधले, कोणाकडे गेले?

हे धरण मुळात लोकांच्या पैशाचे. पेनसिल्व्हेनिया राज्य सरकारने ते १८३८ ते १८५३ या काळात बांधले. तेव्हा मालवाहतूक कालव्यांतून नावांनी होत असे. उन्हाळ्यात खालच्या जॉन्सटाउन गावातील कालव्याला पाणी कमी पडू नये, यासाठी डोंगरात हा तलाव. बांध ७२ फूट उंच आणि ९०० फुटांहून अधिक लांब. चिकणमातीचा थर टाकायचा, त्यावर पाणी मारून तो दाबायचा, मग दुसरा थर. वरून दगडांचे अस्तर. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या आई-वडिलांनी पाझर तलावावर डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या, त्यांना हे काम वेगळे समजावून सांगायला नको. बांधाच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी ओतीव लोखंडाचे पाच नळ होते आणि एका बाजूला जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा.

परंतु धरण पुरे होते न होते तोच रेल्वे आली आणि कालवा निरुपयोगी झाला. १८५७ साली सरकारने सगळा कालवा रेल्वे कंपनीला विकून टाकला. १८६२ साली धरणाचा काही भाग वाहून गेला. त्या वेळी तलावात पाणी थोडे होते म्हणून फारशी हानी झाली नाही. पुढे १८७५ साली जॉन रायली नावाच्या एका लोकप्रतिनिधीने ही मालमत्ता विकत घेतली. त्याने काय केले? तळाचे पाचही लोखंडी नळ उपटून भंगारात विकले! १८७९ साली ती बेंजामिन रफ याच्या हाती आली आणि साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब स्थापन झाला.

या क्लबचे सभासद सुमारे साठ. पिट्सबर्गचे पोलाद, कोळसा आणि बँका ज्यांच्या मुठीत होत्या, ती ही माणसे. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन ही त्यांतली नावे. उन्हाळ्यात शहराचा धूर सोडून येथे यायचे, नौका हाकायच्या, मासे धरायचे. तलाव सुमारे दोन मैल लांब. काठावर ४७ खोल्यांचे क्लबगृह आणि सभासदांचे १६ बंगले. ते क्लबगृह आजही उभे आहे. भोवती मात्र तलाव नाही. तलावाच्या कोरड्या तळावर सेंट मायकेल नावाचे गाव वसले आहे. जेथे श्रीमंतांच्या नौका चालत, तेथे आज साध्या घरांची वस्ती आहे.

तीन लहान सोयी

मातीच्या धरणाचा एक साधा नियम आहे. ते पाण्याचा दाब सोसते. पण पाणी डोक्यावरून वाहू लागले की बाहेरच्या उताराची माती वाहून जाते आणि बघता बघता बांध कापला जातो. म्हणून मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. आता क्लबने काय केले ते पाहा.

पहिली गोष्ट, उपटलेले नळ पुन्हा बसवले नाहीत. त्यामुळे तलाव धोक्याच्या वर चढला, तर पाणी खालून सोडून देण्याचा मार्गच उरला नाही. दुसरी गोष्ट, बांधावरून समोरासमोर आलेल्या दोन घोडागाड्या आरामात जाव्यात म्हणून बांधाचा माथा दोन-तीन फुटांनी खाली उतरवला. माथा उतरला म्हणजे सांडव्याची खोली तेवढीच कमी झाली. तिसरी गोष्ट, विकत आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसवल्या. शिवाय १८६२ चे खिंडार बुजवताना काम असे केले की बांधाचा मधला भाग पुढे खचून कडांपेक्षा खाली बसला. म्हणजे पाणी ओसंडलेच, तर ते नेमके मधूनच ओसंडणार!

यातली एकही गोष्ट कोणाला मारण्यासाठी केलेली नव्हती. भंगाराचे चार पैसे, गाडीसाठी रुंद रस्ता, न सुटणारे मासे. सोय वरच्यांची होती. धोका खालच्यांचा होता.

आणि इशारा कोणी दिला नव्हता असेही नाही. जॉन्सटाउनमधील केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० साली आपला अभियंता जॉन फुल्टन यास धरण पाहायला पाठवले. फुल्टनने दोन दोष दाखवले: पाणी सोडण्याचे नळ नाहीत आणि दुरुस्ती कच्ची आहे. मॉरेल यांनी तर धरण पक्के करण्याच्या खर्चात वाटा उचलण्याचीही तयारी दाखवली. क्लबच्या वतीने रफ याने उत्तर धाडले, त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला आमच्यापासून काही धोका नाही. मॉरेल १८८५ साली वारले, रफ १८८७ साली. कागद कागदाच्या जागी राहिला, धरण धरणाच्या जागी.

पाण्याच्या मागोमाग

धरणापासून जॉन्सटाउन सुमारे २३ किलोमीटर खाली आहे आणि तलावाची पातळी गावापेक्षा सुमारे ४५० फूट उंच होती. आम्ही त्याच दरीच्या वाटेने खाली उतरलो. खिडकीतून नदी कधी दिसे, कधी झाडीत दडे. इतक्या अरुंद दरीत दोन कोटी टन पाणी एकदम शिरले तर काय होईल, ते सांगायला अभियंता लागत नाही.

१८८९ साली जॉन्सटाउन आणि त्याला लागून असलेल्या वस्त्यांत मिळून सुमारे ३०,००० लोक राहत. दोन नद्यांच्या संगमावर वसलेले लोखंड-पोलादाचे गाव. जर्मन, वेल्श, आयरिश, हंगेरियन असे देशोदेशींचे कामगार पोटासाठी येथे आले होते. ३० मेच्या रात्री मुसळधार पाऊस लागला. ३१ तारखेच्या सकाळी गावाच्या रस्त्यांत पाणी होते. लोक सामान वरच्या मजल्यावर नेत होते. दरवर्षीचाच पूर म्हणून कोणी फार घाबरले नाही.

वर धरणावर क्लबचा अध्यक्ष एलायस अंगर जागा होऊन बघतो तो पाणी माथ्याला टेकत आलेले. तेथे गटाराच्या कामावर असलेले इटालियन मजूर धावले. त्यांनी फावड्याने बांधाचा माथा उंच करण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्या टोकाला नवा चर खोदला. माशांच्या जाळ्यांत पाल्यापाचोळ्याचा बोळा बसला होता. तो निघता निघेना. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावर बसून साउथ फोर्कला इशारा द्यायला गेला. तेथील तारघरात एमा एहरेनफेल्ड नावाच्या स्त्रीने खाली संदेश धाडण्याची खटपट केली. तारा जागोजाग तुटल्या होत्या. संदेश काहींपर्यंत पोहोचला, पण धरण फुटणार ही आवई दरवर्षी पावसात उठायची. लोकांनी ती या वेळीही आवईच मानली. जॉन्सटाउनच्या तारघराच्या प्रमुख हेटी ओगल या मुलीसह आपल्या जागेवरच राहिल्या. मायलेकी दोघीही पुरात गेल्या.

दुपारी तीनच्या सुमारास बांध मधोमध फुटला. तासाभरात सारा तलाव रिकामा झाला. वाटेतील मिनरल पॉइंट, ईस्ट कोनेमॉ, वुडव्हेल ही गावे पाण्याने घासून नेली. ईस्ट कोनेमॉच्या वर जॉन हेस या रेल्वेच्या इंजिनचालकाने पाण्याचा आवाज ओळखला. त्याने इंजिनाची शिटी दोरीने बांधून अखंड वाजती ठेवली आणि इंजिन उलटे गावाकडे पळवले. त्या शिटीने कित्येकांना डोंगराकडे पळायला अवधी दिला. साऱ्या दरीला मिळालेली खरी धोक्याची घंटा ती एवढीच, आणि ती एका कामगाराने वाजवली.

४ वाजून ७ मिनिटांनी पाणी जॉन्सटाउनवर आदळले. पाणी कसले! ३५-४० फूट उंच, झाडे, घरे, रेल्वेचे डबे, तारांच्या कारखान्यातील काटेरी तार आणि माणसे यांचा तो चालता डोंगर होता. दहा मिनिटांत गाव संपले. सगळा मलबा गावाच्या टोकाला असलेल्या दगडी रेल्वेपुलाला अडला आणि संध्याकाळी त्याने पेट घेतला. पाण्यातून जिवंत राहिलेली सुमारे ८० माणसे त्या आगीत गेली. तो पूल आजही उभा आहे. आम्ही त्याच्या कमानींखालून वाहणारी नदी पाहत उभे होतो, तेव्हा वरून एक मालगाडी धडधडत गेली. आमच्यापैकी कोणी बराच वेळ बोलले नाही.

आकड्यांमागची माणसे

गावातील पूर-संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ते पूर्वीचे ग्रंथालय. पुरात जुने वाहून गेले म्हणून कार्नेगीने पैसे देऊन हे नवे बांधले. आत तपशील मांडला आहे. ९९ कुटुंबे समूळ नाहीशी झाली. मृतांत ३९६ मुले होती. १२४ स्त्रिया विधवा झाल्या, १९८ पुरुष विधुर झाले. सुमारे १,६०० घरे गेली. अ‍ॅना फेन या बाईंचा नवरा आणि सातही मुले एका दुपारी गेली. तर सहा वर्षांची गर्ट्रूड क्विन वाहत्या गादीवर रडत चालली होती. मॅक्सवेल मॅकाक्रेन या माणसाने दुसऱ्या छपरावरून उडी टाकून तिला गाठले आणि काठावरच्या घराच्या खिडकीत उभ्या असलेल्या लोकांकडे फेकून तिचा जीव वाचवला.

पूर ओसरला न ओसरला तोच वर्तमानपत्रांनी एक बातमी पिकवली: हंगेरियन कामगार प्रेतांच्या अंगावरचे दागिने लुटत आहेत, बोटे कापत आहेत. त्या गोष्टी खोट्या निघाल्या. पण तोवर त्या गरीब परदेशी मजुरांना घराबाहेर पडण्याची चोरी झाली. धरण कोणाचे हे लोकांनी विचारायच्या आत चोर कोण हे छापून मोकळे! संकटात सर्वांत खालच्या माणसाकडे बोट दाखवण्याची ही रीत आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही.

मदत मात्र भरभरून आली. अमेरिकेतून आणि परदेशांतून मिळून सुमारे ३७ लाख डॉलर जमले. अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन ५ जूनला पोहोचल्या. वय ६७. ऑक्टोबरपर्यंत त्या तेथून हलल्या नाहीत. निराधारांसाठी लाकडी निवारे उभारले, कपडे-भांडी-अंथरुणे घरोघर पोहोचवली. क्लबनेही एक हजार ब्लँकेटे पाठवली आणि काही सभासदांनी देणग्या दिल्या.

ब्लँकेट मिळाले, न्याय? लोक न्यायालयात गेले. एकही दावा जिंकला गेला नाही. पूर हा ईश्वरी प्रकोप आहे, त्याला क्लब काय करणार, असे ठरले. शिवाय क्लबच्या नावावर वसूल करण्याजोगी मालमत्ताच नव्हती आणि सभासद वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले गेले नाहीत. क्लबचे वकील फिलँडर नॉक्स आणि जेम्स रीड हे दोघे स्वतःच त्याचे सभासद. त्यांतले नॉक्स पुढे देशाचे अ‍ॅटर्नी जनरल आणि परराष्ट्रमंत्री झाले.

ईश्वराने नळ उपटले नव्हते. ईश्वराने जाळ्या बसवल्या नव्हत्या. माणसाच्या करणीला दैव म्हटले की जाब विचारायला कोणी उरत नाही. म्हणून तर तसे म्हणणे काहींच्या सोयीचे असते. तेव्हाच्या अभियंत्यांच्या चौकशी समितीनेही असा निष्कर्ष काढला होता की मूळचे धरण असते तरी ते वाचले नसते. परंतु याच जॉन्सटाउनमधील विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नव्याने मोजमापे घेऊन २०१६ साली दाखवून दिले की माथा खाली उतरवल्यामुळे पाणी बाहेर टाकण्याची धरणाची ताकद निम्म्यावर आली होती आणि मूळच्या रचनेचे धरण त्या पावसात टिकू शकले असते. मेलेल्यांच्या बाजूने साक्ष मिळायला १२७ वर्षे लागली.

एका तलावाचा कायदा

तरीही ती माणसे अगदीच वाया गेली नाहीत. इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात एक तत्त्व मान्य झाले होते. तो खटलाही एका खासगी तलावाचाच! एका गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले. न्यायालय म्हणाले, धोक्याची वस्तू आपल्या जमिनीवर साठवाल आणि ती निसटून दुसऱ्याचे नुकसान करील, तर तुमची चूक सिद्ध झाली नाही तरी भरपाई तुम्हीच द्यायची. अमेरिकेतील न्यायालये आधी हे तत्त्व मानायला राजी नव्हती. जॉन्सटाउनच्या संतापानंतर अनेक राज्यांतील न्यायालयांनी ते स्वीकारले.

हा धागा आपल्यापर्यंतही येतो. भोपाळच्या वायुकांडानंतर, दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये याच तत्त्वाच्याही पुढे पाऊल टाकले. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे. ईश्वरी प्रकोपाची सबबही चालणार नाही, असे सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने सांगितले. शंभर वर्षांपूर्वी साउथ फोर्कच्या धनिकांना ज्या सबबीने वाचवले, तिचे दार येथे बंद झाले. कायदा असा कोणाच्या तरी आसवांवरून पुढे सरकतो.

पण कायदा कागदावर आणि पाणी डोक्यावर असले की काय होते, तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत आज ९० हजारांहून अधिक धरणे सरकारी नोंदीत आहेत. त्यांतली निम्म्याहून अधिक खासगी मालकीची, बहुतेक मातीची, आणि पुष्कळ केवळ करमणुकीच्या तलावांसाठी. जॉन्सटाउनलाच १९७७ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा लॉरेल रन हे दुसरे मातीचे धरण फुटून सुमारे ४० माणसे गेली. आणि आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हाही गळतीची ओरड गावकऱ्यांनी आधी केलेली होती. भारतात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. गावोगावचे लहान बांध आणि तलाव यांच्याकडे आपल्यालाच डोळे उघडे ठेवून पाहावे लागेल.

परतण्यापूर्वी आम्ही ग्रँडव्ह्यू दफनभूमीत गेलो. गावावरच्या उंच टेकडीवर पांढऱ्या संगमरवरी दगडांच्या ओळींमागून ओळी. येथे ७७७ अनोळखी माणसे पुरली आहेत. दगडांवर नाव नाही, गाव नाही, धर्म नाही. कोण भट्टीवरचा मजूर, कोण त्याची बायको, कोण तान्हे मूल, कोणी सांगू शकत नाही. इथून खाली गाव दिसते. तेथील पोलादाचे मोठे कारखाने १९९२ साली बंद पडले. मुंबईचे गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती शांतता ओळखीची वाटेल. आमच्या सौ.ने वाटेत खुडलेली रानफुले एका दगडापाशी ठेवली.

वाचक बंधू-भगिनींनो, सुट्टीत मुलांना घेऊन तुम्ही एखाद्या तलावावर जाल. भजी खा, पाण्यात पाय सोडा, मुलांना खेळू द्या. पण एकदा त्यांना बांधावर नेऊन सांडवा दाखवा. त्यात झुडपे माजली आहेत का, कोणी भिंत घातली आहे का, बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपते आहे का, हे पाहायला शिकवा. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर एक वेळ चालते. गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे असे समजावे. मग ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ती पोच जपून ठेवावी. बांधाखाली राहणाऱ्याला एवढे विचारण्याचा हक्क आहे, मग तलाव कोणाच्याही मालकीचा असो.